काचेवरचा हार

"हार काढू का?" मी विचारलं.

"राहू दे. सासरी निघालीय गाडी, नटून जाऊ दे," हे म्हणाले आणि सुतळीची आणखी एक गाठ मारून त्यांनी हार ओढून बघितला.

दसऱ्याची सकाळ होती. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, यांच्या मोटारसायकलची पूजा झाली होती. झेंडूचा तो हार माझ्याच हातचा. खरं तर मी तो दारासाठी ओवला होता. चौकटीचं माप न घेताच ओवत बसले आणि तो दाराला घातल्यावर दोन्ही बाजूंनी लोंबायला लागला. मग यांनी बाजारातून दुसरं तोरण आणलं आणि माझा हार गाडीला घातला. गाडीच्या पुढच्या उंच काचेच्या वरच्या काठावरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट बांधला. तरीही उरला, तेवढा काचेच्या खालच्या फटीत, दिव्याच्या वर, दाबून बसवला. बांधणं इंजिनियरचं होतं. हार वाटेत सुटून पडला असता तर यांना खात्याची अब्रू गेल्यासारखं वाटलं असतं.

हे म्हणजे माझे यजमान, मनोहर शिंत्रे. पाटबंधारे खात्यात होते. आम्ही मिरजेला राहायचो, अजूनही राहतो. त्या दिवशी आम्ही ती मोटारसायकल जतच्या एका शिक्षकाच्या हवाली करायला निघालो होतो. गाडी दसऱ्यालाच दारात यावी अशी त्याच्या आईची इच्छा होती. गाडी देऊन आम्ही एसटीने परत येणार होतो.

मला ती गाडी द्यायची नव्हती. पण तसं मी कुणालाही सांगितलं नव्हतं, यांनाही नाही.

आमचं लग्न फार उशिरा झालं होतं. माझी चव्वेचाळिशी उलटलेली, यांची पन्नाशी दारात. दोघांचीही लग्नं घरच्या जबाबदाऱ्यांत राहून गेलेली. माझ्या मावसबहिणीने मनावर घेतलं आणि दोन जुनी खोडं एका घरात आणून ठेवली. ठेवली खरी, पण बोलायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. "तुम्ही चहा घेणार का?" "तुम्ही घेणार असाल तर घेतो." "नाही, तुम्हाला हवा असेल तर करते." अशा रीतीने पुष्कळदा आमचा चहा राहूनच जायचा. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. एकमेकांच्या घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसारखे आम्ही दोन वर्षं राहत होतो.

एकच गोष्ट आमची दोघांची होती, ती म्हणजे ही गाडी. लांबच्या प्रवासासाठी यांनी लग्नाआधीच घेतलेली, जाडजूड, दोन्ही बाजूंना पेट्या असलेली. सुट्टीच्या दिवशी सकाळी हे हेल्मेट पुसायला घेत. एक पुसून झालं की दुसरं घेत. हेच मला बोलावणं असे. मी काही न बोलता डबा भरायला लागायची. औदुंबर, नरसोबाची वाडी, पन्हाळा, एकदा तर थेट विजापूर. त्यांच्या मागे बसून जाताना मला वाटायचं, आपलं लग्न झालंय. घरात इतकं कधी वाटायचं नाही.

पण या सुखाला एक मोठी खोट होती, ती म्हणजे वारा.

गाडीने वेग घेतला की मागे बसलेल्या माझ्या डोक्याला जे काही व्हायचं ते सांगून खरं वाटणार नाही. समोरून सरळ वारा आला तर माणूस सोसतो. हा वारा सरळ नव्हता. तो काचेवरून उडी मारून यायचा आणि माझं हेल्मेट डावीकडून, उजवीकडून, खालून, जिथून सापडेल तिथून बडवायचा. मान आवळून बसावं लागायचं. कानात एकसारखी घरघर चालायची, गिरणीत दळण लागल्यासारखी. विजापूरला पोचल्यावर घुमटाखाली उभी राहिले तर आधीच सगळं घुमत होतं. डोकं असं ठणकायचं की पर्समधली गोळी काढून गुपचूप गिळायची आणि मग कुठे डबा उघडायचा.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर यांनी विचारलं होतं, "वारा लागतो का तुम्हाला मागं?"

"थोडा लागतो," मी म्हणाले.

झालं. पुढच्या सुट्टीला गाडीवर जास्त उंच काच आली. तिने वारा दुप्पट लागायला लागला. "आता?" यांनी मोठ्या आशेने विचारलं. माणूस सकाळभर पाने-पकड घेऊन खपला होता, हाताला ओरखडे उठले होते. "बरं झालं," मी म्हणाले. मग पावसाळ्यानंतर पुण्याहून आणखी उंच काच मागवली. ती लावल्यावर तर माझे दात वाजायला लागले. "आता?" "छान." त्या काचेला वरून आणखी एक पट्टी जोडली तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. त्यांना खरं सांगितलं तर ते मला न्यायचंच बंद करतील, ही मला धास्ती होती. डोकं दुखलेलं परवडत होतं, पण सुट्टीच्या सकाळी एकच हेल्मेट पुसलं गेलेलं मला परवडलं नसतं.

आणि हे गाडीवर एक अक्षर बोलत नसत. निदान मला तसं वाटे. मी मागून त्यांच्या काळ्या हेल्मेटकडे बघत बसायची. थांबलो की तेही गप्प, डोकं धरून मीही गप्प. कधी कधी ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की जणू काही विचारलंय आणि उत्तराची वाट आहे. मी घाईने म्हणायची, "पाणी देऊ का?" ते म्हणायचे, "द्या."

गणपती झाले आणि एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "गाडी काढून टाकावी म्हणतो. जतच्या बिरादार मास्तरांना पाहिजे आहे."

घास तसाच राहिला. "का?" असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, "ताक वाढू?"

रात्रभर मला एकच वाटत राहिलं. एकटे होते तेव्हा हा माणूस हौसेने हिंडायचा. मी मागे बसायला लागले आणि त्यांची हौस संपली. दुसरं कारण मला सुचेना.

तर दसऱ्याच्या त्या सकाळी आम्ही निघालो. शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी गेटपाशी येऊन गाडीला नमस्कार केला. मी हेल्मेट चढवलं, पदर खोचला, मान आवळून घेतली आणि वाऱ्याची वाट बघायला लागले.

गाव मागे पडलं. मोकळा रस्ता लागला, गाडीने वेग घेतला. मी डोळे मिटून घेतले होते. पहिला धक्का येईना. मला वाटलं, आज सावकाश चाललेत, शेवटची फेरी म्हणून. डोळे उघडून त्यांच्या खांद्यावरून काट्याकडे बघितलं. वेग रोजचाच होता. वारा होता, पण तो डोक्यावरून आणि दोन्ही बाजूंनी निघून जात होता. माझं हेल्मेट जागच्या जागी होतं. मी हळूच मान सैल सोडली. तरी काही झालं नाही. इतक्या दिवसांनी मला त्या रस्त्याच्या कडेचे द्राक्षांचे मांडव न हलता दिसत होते.

मग आवाज ऐकू आला. कुणीतरी बोलत होतं. शेजारून दुसरी गाडी चाललीय असं वाटून मी वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

"...ह्यांची छाटणी झाली बघ. आता पाऊस पडला की वाट लागणार बिचाऱ्यांची. ते बघ, उजवीकडं, कुमुद. केवढा बगळ्यांचा थवा."

मी उजवीकडे बघितलं. खरंच बगळे होते.

मी दगडासारखी बसून राहिले. हे बोलत होते. थांबत नव्हते. घरात "तुम्ही" आणि "ऐकलंत का" म्हणणारा माणूस मला "कुमुद" म्हणत होता, "बघ" म्हणत होता. कालवा आला तेव्हा त्यांनी सांगितलं, की याच्या मोजणीला मी आलो होतो तेव्हा इथं सापानं आमचा डबा राखला होता. स्वतःच हसले. एका वळणावर म्हणाले, "मागच्या वेळी इथंच सांगितलं होतं बघ तुला, त्या चिंचेचं." मला कुठल्याच चिंचेचं माहीत नव्हतं. म्हणजे हे आजचं नव्हतं. पन्हाळ्याला, वाडीला, विजापूरला, प्रत्येक वेळी हा माणूस सगळा रस्ता माझ्याशी बोलत गेला होता, आणि तो वारा एकेक शब्द उचलून फेकून देत होता.

मी बोलणार तेवढ्यात त्यांचा आवाज खाली आला.

"नेहमीचंच विचारतो. आज शेवटचं." त्यांनी एक वळण घेतलं. "बरं वाटतं ना गं तुला, माझ्याकडं?"

उत्तर जिभेवर होतं, पण तोंड उघडलं असतं तर नुसता हुंदका आला असता. पुढे त्यांचे खांदे जरासे खाली आले. असे खाली येताना मी ते पूर्वीही पाहिले होते. मला वाटायचं, गाडी चालवून दमले.

ढालगावच्या अलीकडे माळावर पवनचक्क्या दिसायला लागल्या. तिथे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. वारा भन्नाट होता, टपरीचं ताडपत्रीचं छप्पर फडफडत होतं. हे दोन कप घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोळी घ्यायची तर घ्या. पाणी आहे."

"कसली गोळी?"

"डोक्याची. गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसतात की कचऱ्याच्या डब्यात. प्रत्येक फेरीनंतर." ते कपात बघत होते. "तुम्हाला हे फिरणं झेपत नाही, आवडत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं आधीच. माझ्यासाठी म्हणून येत राहिलात. म्हणून म्हटलं, गाडीच नको."

मी कप बाकावर ठेवला. इतके दिवस जपून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"आवडत नाही कोण म्हणालं? वाऱ्यानं डोकं दुखायचं माझं. काच लावली की जास्तच दुखायचं."

"काच लावली की?" ते बघतच राहिले. "तुम्ही तर म्हणालात, बरं झालं, छान झालं."

"मग काय म्हणणार? हाताला ओरखडे दिसत होते तुमच्या."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि आज?"

"आज अजिबात दुखत नाही. आज वारा लागलाच नाही मला. माझी मान बघा, सैल आहे."

ते उठले आणि गाडीभोवती फेरी मारून आले. काच तीच, पट्टी तीच. दोन्ही हात कमरेवर ठेवून हाराकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी काचेच्या काठाचा आणि खालच्या फटीतला, सगळा हार सोडवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बसा."

आम्ही माळावरून एक चक्कर मारून आलो. वेग घेतला मात्र, माझं डोकं पूर्वीसारखंच बडवून निघालं. परत आलो तर टपरीवाला चहाचं फडकं खांद्यावर टाकून आमच्याकडे बघत होता. यांनी हार पुन्हा जसाच्या तसा बांधला, वरच्या काठाला आणि खालच्या फटीत. पुन्हा चक्कर मारली. वारा नाही.

"बंधारा," हे गाडीवरून उतरता उतरता म्हणाले.

"काय?"

"अहो, बंधाऱ्याच्या भिंतीवरून पाणी पडतं, ते भिंतीपाशी पडत नाही, पुढं जाऊन पडतं आणि तिथं भोवरा करतं. ही काच म्हणजे भिंत आणि मी भिंतीच्या पायाशी बसलोय, कोरडा. भोवरा मागं होतो. तुमच्या डोक्यावर." त्यांनी काचेवर बोटाने रेघ ओढून दाखवली. "मी भिंत उंच करत गेलो. जितकी उंच केली तितकं पाणी जोरात आपटायला लागलं. हारानं काठ खडबडीत झाला, फट बुजली. धार तुटली, भोवरा मोडला. आयुष्यभर बंधारे बांधले मी. हे मला सुचू नये?"

"तुम्हाला सांगितलंच कुणी नाही तर सुचणार कसं?" मी म्हणाले.

ते हसले. आणि मग हसू अर्ध्यावरच थांबलं. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"म्हणजे, इतके दिवस मी जे बोलायचो..."

"मला ऐकूच आलं नाही कधी. घरघर असायची कानात."

"मला वाटायचं, वारा मागंच जातो, आवाजही मागं जाईल. तुम्ही उत्तर देत नाही म्हणजे..." ते थांबले. "आणि आज?"

"आज आलं."

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पन्नाशीचा माणूस असा लाजलेला मी पहिल्यांदा बघितला. काय काय ऐकलंत, असं त्यांनी विचारलं नाही. टपरीवाल्याचे पैसे दोनदा द्यायला निघाले.

"मग गाडी द्यायची कशाला?" मी विचारलं.

"शब्द दिलाय," ते हेल्मेट घालत म्हणाले. "म्हातारी ताट घेऊन दारात उभी असंल. सणाचा दिवस."

मीही हेल्मेट चढवलं. कारण ते खरंच होतं.

पुढच्या सगळ्या रस्त्यात हे एक शब्द बोलले नाहीत. मला ऐकू येतं हे कळल्यावर त्यांची वाचाच बसली. वारा नव्हता, घरघर नव्हती, अगदी स्वच्छ शांतता होती आणि त्या शांततेत आम्ही पुन्हा दोन पाहुणे होऊन बसलो होतो. त्या वेळी मला गाडीपेक्षाही याचं भय वाटलं. गाडी एकदा बिरादारांच्या दारात गेली की हा माणूस घरात पुन्हा "तुम्ही घेणार असाल तर" म्हणायला लागेल, आणि मी "ताक वाढू" म्हणेन. मग आमच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

मल्लिकार्जुन बिरादार मास्तरांचं घर जतच्या बाहेर, रस्त्याला लागूनच होतं. अंगणात मोठी रांगोळी. त्यांची आई खरोखरच ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. मागे मास्तरांची बायको, रेणुका. नवं लग्न, जरीची साडी, तीक्ष्ण डोळे.

"या की सर, या वैनी," मास्तर पुढे झाले. "केवढी सजवून आणलीय."

आईने गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आपला टपोऱ्या शेवंतीचा हार दिव्याखाली घातला. मास्तरांनी लगेच आमचा झेंडू सोडायला घेतला.

"तो काढू नका," हे म्हणाले. "मागं बसणाऱ्याला वारा लागतो. तो हार असला की लागत नाही."

मास्तर मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, सरांची काहीतरी श्रद्धा आहे. "सर, कालचा हार हो, शिळा. आईनं ताजा आणलाय की," असं म्हणत त्यांनी तो काढून तुळशीपाशी ठेवला आणि बायकोला म्हणाले, "बस गं, फेरी मारून येऊ. मग पेढे."

ते गेले. आम्ही अंगणात खुर्च्यांवर बसलो. म्हातारी चहा टाकायला आत गेली. हे जमिनीकडे बघत होते, मी रांगोळीकडे. लांबून गाडीचा आवाज वाढत गेला, मग बारीक झाला, मग परत वाढला.

गाडी अंगणात शिरली. रेणुका उतरली, हेल्मेट काढून तिने नवऱ्याच्या हातात दिलं आणि सासू, पाहुणे, कुणाचीही भीड न बाळगता म्हणाली, "मला नको ही गाडी."

"अगं, काय झालं?"

"डोकं भणभणलं माझं. तुम्हाला पुढं काय कळणार? हिच्यावरनं मी माहेरलासुद्धा यायची नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. मला दोन वर्षांत जे बोलता आलं नव्हतं ते या पोरीने एका फेरीत बोलून टाकलं होतं. तिचं काही बिघडलं नाही. आभाळ कोसळलं नाही. नवरा नुसता डोकं खाजवत उभा राहिला.

आता आम्ही गप्प बसलो की गाडी आमची. मी यांच्याकडे बघितलं. त्यांनाही ते कळलं होतं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, उठले, तुळशीपाशी जाऊन हार उचलला.

"मी म्हणालो ते खरं आहे, मास्तर. हा हार वरच्या काठाला आणि खालच्या फटीत बांधून परत जाऊन या. वारा लागणार नाही. मी बांधून देतो."

आणि बांधायला लागले. तशाच घट्ट गाठी. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही इतकं एकदम वाटलं की मी पदर तोंडाला लावून बसले.

ते दोघं परत गेले, परत आले. रेणुका या वेळी सावकाश उतरली.

"लागला?" मास्तरांनी विचारलं.

"नाही लागला." ती प्रामाणिक होती. मग तिने हाराला बोट लावलं, दोन पाकळ्या खाली पडल्या. "पण सर, हा हार दसऱ्यापुरता. पुढं काय? रोज फुलं ओवत बसू? शाळेला जायचं का हार करायचे?"

"रबराची पट्टी लावता येईल. काच कापून खाली घेता येईल," हे म्हणाले. "थोडं बघावं लागेल, करून बघत बघत."

"करून बघत बघत म्हणजे डोकं माझंच ना?"

आतून चहा घेऊन आलेली म्हातारी मध्ये पडली. "तिला नको तर नको रे मल्लू. मागं तीच बसणार. मला कुणी कधी इचारलं न्हाई, म्हणून काय तिलाबी इचारू नये?" मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तुमी राग मानू नका, सायेब. लांबनं आलासा."

"छे छे, राग कसला," हे म्हणाले. राग नसल्याचं त्यांनी पुढे इतक्या वेळा सांगितलं, की मास्तरांनाही संशय आला असेल.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. निघताना आपट्याची पानं हातात ठेवून म्हातारीने आम्हाला सोनं दिलं, आम्ही तिच्या पाया पडलो. रेणुका गेटपर्यंत आली आणि हळूच मला म्हणाली, "वैनी, तुम्ही कशा बसत होता हो हिच्यावर?"

"बसत होते," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

उन्हं उतरली होती. माळ पिवळा पडला होता आणि पवनचक्क्यांच्या लांब सावल्या रस्त्यावरून फिरत होत्या. वारा सकाळपेक्षाही जोरात होता, हाराच्या पाकळ्या एकेक सुटून बाजूने उडत होत्या. माझं डोकं स्थिर होतं. आणि हे गप्प होते. टपरी गेली, सकाळची बगळ्यांची जागा गेली. एकदा त्यांनी मान थोडी वळवली, बोलणार असं वाटलं, परत सरळ केली.

पुढे त्या गाडीचं बरंच काही झालं. काच कापून चार बोटं खाली आणली, काठाला रबर आलं, फट बुजवली. प्रत्येक बदलानंतर "आता?" असं विचारलं की मी खरं सांगायची, आणि कधी कधी तीन-तीनदा सगळं उलगडून परत बसवावं लागायचं. त्या गाडीवरून आम्ही हंपीला गेलो, गोकर्णला गेलो, आणि ऐकून ऐकून मला मोजणीच्या कामातले सगळे साप तोंडपाठ झाले. पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी पाकळ्या गळत होत्या, हार किती वेळ टिकेल ते सांगता येत नव्हतं, आणि विचारणारा माणूस विचारायचा थांबला होता.

मला रेणुका आठवली. मी पुढे सरकले आणि माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटला टेकवलं.

"सकाळी काहीतरी विचारलं होतंत," मी म्हणाले.

त्यांची पाठ ताठ झाली.

"बरं वाटतं मला तुमच्याकडं," मी म्हणाले. "पहिल्यापासून वाटतं."

गाडी हळू झाली. रस्त्याच्या कडेला घेतली, पण थांबवली नाही. चालत्या माणसाच्या वेगाने आम्ही त्या कडेने जात राहिलो. इतक्या हळू, की वारा नावालाही उरला नव्हता आणि लांबच्या शेतातल्या बैलाची घंटासुद्धा ऐकू येत होती.

"काय म्हणालीस?" ते म्हणाले. "ऐकू आलं नाही."

त्यांना ऐकू आलं होतं. आरशात त्यांचे डोळे मला दिसत होते.

मी पुन्हा सांगितलं.